इलेक्ट्रिक छोट्या मालवाहू गाडीची डिलिव्हरी पुढं पुढं जातेय, मालक साठीपार: तोवर काय उरकून ठेवावं?

तात्या_मिरज

नमस्कार मंडळी. साधारण पाऊण टन माल नेणारी इलेक्ट्रिक चारचाकी बुक केली आहे. शोरूम सांगलीतलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. आधी दसऱ्याला देतो म्हणाले, मग पाडव्याला, आता "अलॉटमेंट आली की फोन करतो" एवढंच. बुकिंगची पावती आहे, फायनान्सचं मंजुरीपत्र आहे, गाडी नाही. वर फायनान्सवाला विचारतोय, "पैसे सोडून टाकू का, म्हणजे तुमचा नंबर पुढं लागेल."

वय ६६, लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं. चालवणार मी आणि मुलगा. माल म्हणजे बेदाणा, हळद, थोडा किराणा. मिरज ते सांगली मार्केट यार्ड रोजचं, मधूनमधून तासगाव, कधीतरी कोल्हापूर. चार्जिंग घरी, रात्री. घर जुनं, वायरिंगही जुनंच.

पैसे सोडावेत का? गाडी माझ्या नावावर घ्यावी की मुलाच्या? या वयात लायसन्स-विम्यात काही अडतं का? घरी चार्जिंगला नक्की काय काय बदलायचं? टेम्पो स्टँडवर माझ्या वयाचे आणखी काहीजण अशाच बुकिंगवर थांबलेत, त्यांनाही उपयोग होईल. "धीर धरा" सोडून काहीही सांगा.

बोजा_उतरवा

तात्या, पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर: नाही. चेसिस नंबर तुमच्या नावावर पडल्याशिवाय फायनान्सचा एक रुपया शोरूमच्या खात्यात जाऊ देऊ नका.

टोकन, अलॉटमेंट आणि इन्व्हॉइस या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शोरूममध्ये बोलताना त्यांची मुद्दाम खिचडी केली जाते. टोकनने फक्त यादीत नाव चढतं. अलॉटमेंट म्हणजे अमुक चेसिस नंबर, अमुक मोटर नंबरची गाडी तमुक गिऱ्हाइकाला, असं कंपनीच्या सिस्टिममध्ये पडणं. इन्व्हॉइस त्यानंतर. फायनान्सने पैसे सोडले की व्याज त्याच दिवशी चालू होतं, मग गाडी यार्डात असो नाहीतर कारखान्यात. "नंबर पुढं लागेल" म्हणजे शोरूमला तुमच्या व्याजावर खेळतं भांडवल मिळेल, एवढाच त्याचा अर्थ. फायनान्स कंपनीला मेल टाकून ठेवा: चेसिस नंबर असलेला इन्व्हॉइस आणि माझी लेखी संमती, दोन्ही मिळाल्याशिवाय रक्कम वितरित करू नये.

शोरूमलाही मेल करा. त्यात नेमकं मॉडेल आणि व्हेरिएंट, डिलिव्हरीचा अपेक्षित महिना, किंमत कोणत्या तारखेची धरणार, आणि रद्द केलं तर किती रक्कम किती दिवसांत परत, एवढं विचारा. उत्तर आलं नाही तरी तुमचा मेल पुरावा म्हणून राहतो. बुकिंग फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. तिथं बहुधा "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू" असं छापलेलं असतं. हे आपल्याकडचंच नाही. टेस्लाचा सायबरट्रक नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवला, १०० डॉलर घेऊन बुकिंग केलं, गाड्या हातात पडायला लागल्या नोव्हेंबर २०२३ अखेरीस. सुरुवातीला ३९,९०० डॉलर सांगितलेली किंमत तोवर ६०,९९० वर गेली होती. बुकिंगच्या पावतीने भाव बांधला जात नाही.

उशीर का होतो तेही समजून घ्या, म्हणजे शोरूममध्ये काय विचारायचं ते कळेल. बॅटरीचे सेल मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. मोटरमधल्या चुंबकांना लागणाऱ्या काही दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर चीनने एप्रिल २०२५ पासून परवान्याची अट घातली, त्याचा फटका इथल्या उत्पादनाला बसला. तिसरं कारण कोणी उघड बोलत नाही: मोठ्या ऑर्डरी आधी जातात. टाटाची एस ईव्ही मे २०२२ मध्ये दाखवली गेली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिली खेप गेली ती ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, डेल्हिव्हरी असल्या ताफेवाल्यांकडे. एकट्या-दुकट्या मालकाची पाळी मागाहून येते. म्हणून "कधी येणार?" विचारण्यापेक्षा "माझ्याच व्हेरिएंटच्या किती गाड्या मागच्या महिन्यात आल्या आणि त्या कोणाला गेल्या?" असं विचारा. उघडा हौदा, बंद कंटेनर, नुसतं चेसिस यातलं एखादं लवकर मिळत असतं. बदलून घ्यायचं असेल तर जुन्या बुकिंगची तारीख कायम राहील, हे आधी लिहून घ्या, नाहीतर नाव यादीच्या तळाला जातं.

मंजुरीपत्राला मुदत असते. ती उलटली की सिबिल पुन्हा काढतात, दरही बदलू शकतो. तुमच्या वयात आणखी एक अडचण म्हणजे शेवटचा हप्ता कितव्या वर्षी संपतो ते प्रत्येक फायनान्स कंपनी बघते आणि मर्यादा प्रत्येकाची वेगळी. मुलगा सहकर्जदार असला की हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटतो.

आता नाव. दोन्ही चालतं, पण बदलायचं तर आत्ताच, इन्व्हॉइसच्या आधी. बुकिंग मुलाच्या नावावर करायला एक अर्ज आणि नातं दाखवणारा कागद पुरतो, शोरूमची तयारी असेल तर. पासिंग झाल्यावर तेच करायचं म्हणजे फॉर्म २९, फॉर्म ३०, फायनान्सची एनओसी आणि आरटीओची फेरी. तुमच्याच नावावर ठेवणार असाल तर नोंदणी करतानाच आरसीवर वारस म्हणून नॉमिनीचं नाव घाला. २०२१ पासून ही सोय आहे. मालक गेल्यावर नॉमिनीने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची. नॉमिनी नसेल तर वारसा सिद्ध करण्यात दिवस जातात, आणि तोवर हप्ता काही थांबत नाही.

अगदीच हटून बसले आणि बुकिंगचे पैसेही परत देईनात, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढं जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मात्र धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतली असेल तरच बसते. त्यामुळे मेलमध्ये "ही गाडी मी स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः चालवण्याकरिता घेत आहे" हे वाक्य पहिल्यापासून असू द्या. समोरचा वकील पहिला आक्षेप तिथंच घेतो.

फॉर्म_१ए

लायसन्सचं सांगतो.

साठी ओलांडल्यावर साधं लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो. चाळिशीनंतर फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतोच. मुदत संपून वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स चालू धरायचे, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. आता संपलं त्या दिवशी संपलं, आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी बोट तिथंच ठेवते. मोतीबिंदू काढायचा असेल तर गाडी यायच्या आधी काढून घ्या आणि मग दाखला घ्या, उलटं नको.

"ट्रान्सपोर्ट" शिक्का नसला तरी चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. तुमची गाडी त्याच्या कितीतरी खाली आहे.

परमिटचीही गरज नाही. तीन हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला ते एरवीही लागत नाही, आणि बॅटरीवरच्या गाड्यांना केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये सूट दिली आहे. एखादा एजंट "ईव्ही परमिट"चे पैसे लावत असेल तर पावती मागा, विषय आपोआप मिटतो. फिटनेस पहिली दोन वर्षं बघायला लागत नाही.

विम्यात थर्ड पार्टीचा दर ठरलेला आहे. ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये, त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट, वर जीएसटी लागू असेल तो. कोटेशनमध्ये सूट धरली आहे का ते बघा, बऱ्याचदा विसरतात. मालक-चालक अपघात विमा १५ लाखांचा असतो, तो मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच. म्हणजे गाडी तुमच्या नावावर आणि लायसन्स मुदत संपलेलं असेल तर हे कवच गेलं. मुलासाठी पेड ड्रायव्हरचं कवच वेगळं विचारा.

वायरमन_कराड

चार्जिंगवर लिहितो, कारण गाडी आल्यावर पहिल्या आठवड्यातले निम्मे फोन "गाडी चार्ज होत नाही" याचेच असतात आणि त्यात गाडीचा दोष क्वचित असतो.

आधी गाडीचा ऑनबोर्ड चार्जर किती किलोवॅटचा ते कोटेशनमध्ये बघा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत तो सव्वातीन-साडेतीन किलोवॅटच्या आसपास असतो. तसा असेल तर भिंतीवर ७.४ किलोवॅटचा महागडा डबा लावून उपयोग नाही, गाडी घेणार तेवढीच घेणार. १४ ते २१ युनिटची बॅटरी असते. १५ अँपिअरवर तासाला साडेतीन युनिट धरले आणि वाटेत जाणारं वजा केलं, तर रिकामी बॅटरी भरायला पाच ते सात तास. रात्र पुरते.

अडतं ते वायरीपाशी. घरातला १५ अँपिअरचा सॉकेट गीझरसाठी असतो, वीस मिनिटं चालून बंद होणाऱ्या वस्तूसाठी. गाडी तेवढाच करंट सलग सहा तास ओढते. जुन्या घरात मागे दीड किंवा अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर असते, कुठंतरी ॲल्युमिनियमची, आणि सांधे पिळून टेप मारलेले. दीड स्क्वेअरची तांब्याची वायर मीटरपासून गाडीपर्यंत तीस मीटर असेल तर १५ अँपिअरला अकरा व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे दीडशेहून जास्त वॅट नुसती वायर तापवायला. चार स्क्वेअरला तेच चार व्होल्टवर येतं. सॉकेटची पकड सैल असेल तर पिन काळी पडते, प्लास्टिक वितळतं. पहिल्या आठवड्यात चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करा.

म्हणून स्वतंत्र लाइन: मीटरजवळच्या बोर्डापासून थेट, मध्ये सांधा नाही, चार स्क्वेअर तांबं, २० अँपिअर सी कर्व्ह एमसीबी, करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ए टाइप आरसीसीबी आणि शेवटी निळा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट, झाकणवाला. गाडीसोबतच्या केबलला घरगुती तीन पिनांचा प्लग असेल तर त्या मापाचा चांगल्या प्रतीचा सॉकेट, पण अडॅप्टरवर अडॅप्टर नको. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच नको.

आणि अर्थिंग. या गाड्यांचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि पसंत पडलं नाही तर लाल दिवा लावून गप्प बसतो. जुन्या घरात अर्थिंगची वायर नळाच्या पाइपाला बांधलेली सापडते, आणि मधला पाइप कधीच प्लास्टिकचा झालेला असतो. वेगळा खड्डा घ्या: आठ फुटी जीआय पाइप किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, मीठ-कोळसा, वर पाणी ओतायला जागा. मीटरने मोजून पाच ओहमच्या खाली आलं पाहिजे. मोजायचा मीटर वायरमनकडे नसेल तर निदान न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघा, तोही लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्ट ठीक, दहाच्या वर गेला तर काहीतरी सुटलेलं आहे. फेज-अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावायची जुनी पद्धत आरसीसीबी असताना चालणार नाही, बल्ब लावताच तो पडेल. पडला तर आरसीसीबी नीट आहे.

हे सगळं गाडी यायच्या आधी करून ठेवा. गाडी दारात उभी राहिल्यावर वायरमन शोधला की तो मिळेल तशी वायर ओढून जातो.

तात्या_मिरज

वायरमनसाहेब, फार कामाचं सांगितलंत. दोन शंका. शेतातल्या मोटरीच्या लाइनवर चार्ज केलं तर? तिथं थ्री फेज आहे आणि बिल नावाला येतं. दुसरं, घर नदीपासून लांब नाही. २०१९ ला गल्लीत पाणी होतं.

वायरमन_कराड

शेतीपंपाच्या जोडणीवर अजिबात नको. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर म्हणजे विद्युत कायदा २००३ चं कलम १२६, आकारणी दुप्पट दराने. शिवाय शेतीला वीज पाळीने येते, तुमच्या गाडीच्या वेळेला नाही.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला हरकत नाही, पण हिशोब करा. रोज वीस युनिट आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाचशे युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दराला १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, म्हणजे गाडीचे बहुतेक युनिट वरच्या महागड्या टप्प्यात पडणार. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणची वेगळी वर्गवारी आहे. शाखा कार्यालयात दोन्ही दर विचारा, स्थिर आकारासकट तुलना करा आणि रोज पूर्ण चार्ज लागणार असेल तर वेगळ्या मीटरचा अर्ज आत्ताच द्या. मंजूर भारही बघा. बिलावर एक-दोन किलोवॅट लिहिलेलं असेल तर वाढवून घ्यावा लागेल. संध्याकाळी सात ते दहा तुमच्याकडे व्होल्टेज १९० च्या खाली जात असेल तर चार्जर करंट कमी करतो किंवा थांबतो. टायमर अकराला लावा.

पाण्याचं म्हणाल तर, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ मध्ये ५७ च्या वर गेलं होतं. तुमच्या भिंतीवर त्या वर्षीची खूण असेलच. सॉकेट, एमसीबीचा डबा त्या खुणेच्या वर घ्या, हात पोचत नसेल तर पायरी करा. बॅटरीला आयपी ६७ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीतल्या स्वच्छ पाण्यात. पुराचं पाणी दोन-दोन दिवस हलत नाही. ४० फुटांचा निरोप आला की गाडी ५०-६० टक्के चार्ज करून उंचावर. बुडालीच तर चालू करून बघायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, फोटो काढून टो करून सर्व्हिस सेंटर. पुरात बुडालेल्या गाडीचा दावा मिळतो, पण बुडालेली गाडी चालू करून बिघडवली तर वाद घालतात.

पसरणी_उतार

तात्यांना घाट नाही, पण वाई-सातारकडचेही बुकिंगवाले हा धागा वाचत असतील म्हणून.

कंपनीचा दीडशे-एकशेसाठ किलोमीटरचा आकडा चाचणीतला असतो. भरलेल्या गाडीला सपाटीवर त्याच्या दोन तृतीयांश धरा. तात्यांची मिरज-सांगली-तासगाव फिरती त्यात आरामात बसते. कोल्हापूर जाऊन-येऊन शंभराच्या घरात जातं, तिथं माल उतरवताना मधे तासभर प्लग मिळतो का ते ठरवून निघा. महामार्गावर साठच्या पुढं गेलात की उंच कंटेनरवाली गाडी हवेशी झगडण्यात बॅटरी संपवते. पंचावन्न ठेवा.

वाई ते पाचगणी पसरणी घाटाने साधारण सहाशे मीटर चढ आहे. मालासह दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला नुसत्या उंचीचे सव्वातीन युनिट, मोटरमधली तूट धरून चारच्या आसपास. १४ युनिटच्या बॅटरीतला हा चतुर्थांशाहून जास्त भाग, २१ च्या बॅटरीतला पाचवा. उतरताना यातलं निम्म्याच्या आसपास परत येतं, पण एका अटीवर: बॅटरीत जागा पाहिजे.

नवीन लोकांना नेमकं हेच ठाऊक नसतं. वर रात्रभर थांबून १०० टक्के चार्ज करून सकाळी स्ट्रॉबेरी भरून घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीला वीज घेता येत नाही. रीजन, म्हणजे उतारावर मोटरनेच गाडी रोखून वीज परत बॅटरीत घालणं, बंद. मग सगळा भार ब्रेकवर, आणि डिझेलसारखा दुसऱ्या गिअरचा आधारही नाही. खालच्या वळणांवर लाइनरचा वास येतो आणि पेडल नरम पडतं. वर ८० टक्क्यांवर चार्जिंग तोडा.

वयस्क चालकांसाठी एक गोष्ट: क्लच नाही. गुडघ्यांना बरं, पण डावा पाय चाळीस वर्षांच्या सवयीने क्लच शोधतो आणि सापडतं ते ब्रेक पेडल. जोरात. मागचा माणूस धडकतो. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, डावा पाय मागे ओढून, रिकामी गाडी चालवा. टेस्ट ड्राइव्ह मिळते, पण ती भरलेली मागा. सहाशे-सातशे किलो टाकून, चढावर थांबवून पुन्हा उचलून बघा. शोरूमवाले कुरकुर करतात, करू द्या.

डिझेलच_बरं

एवढं सगळं करण्यापेक्षा डिझेल किंवा सीएनजी का नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. गाडी शोरूममध्ये उभी आहे, आज पैसे भरा, उद्या माल भरा.

बोजा_उतरवा

मुद्दा बरोबर आहे आणि तात्यांनी तुलना त्याआधी केली असेल तर ती पुन्हा करायलाच हवी. इलेक्ट्रिकला ५ टक्के होता, तसाच आहे, म्हणजे किमतीतलं अंतर बदललं. जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला कर पुढच्या करातून वळता होतो, मग हा मुद्दा आणखी बारीक होतो.

माझा ठोकताळा असा: रोज साठ किलोमीटरच्या वर, ठरलेला रस्ता, रात्री घरी, तर इलेक्ट्रिकसाठी थांबण्यात अर्थ आहे. रोज तीस-चाळीसच असेल, किंवा हातची गाडी मोडकळीला आली आहे आणि भाडं बुडतंय, तर थांबणं महाग. तात्या, तुम्ही तुमची रोजची बेरीज करा आणि बुडणाऱ्या भाड्याचा आकडा शेजारी मांडा. आणि एक तारीख स्वतःच ठरवा, त्यानंतर टोकन परत.

अनुदानाबद्दलही कोणी भुलवू नये. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या अनुदान योजनेतले ट्रकचे पैसे साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहेत, तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला असेल तर. तुमची गाडी त्यात बसत नाही. राज्याचं काही मिळणार असेल तर ते इन्व्हॉइसमध्ये वजा झालेलं दिसलं पाहिजे, तोंडी नको. आणि राज्याने अटल सेतू वगैरेवर दिलेली टोलमाफी मालवाहू गाड्यांना नाही. आनेवाडी, तासवडे तर राष्ट्रीय महामार्गाचे नाके, तिथं फास्टॅग कापणारच.

चेसिस_पाहा

गाडी आल्यावर काय बघायचं ते कोणी लिहिलं नाही म्हणून.

मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असली तरी यार्डात पडून राहिलेल्या गाड्या असतातच: कोणी रद्द केलेल्या, प्रदर्शनातल्या, टेस्ट ड्राइव्हच्या. "तुमच्यासाठी एक गाडी निघाली" असा अचानक फोन आला की आधी चेसिस नंबर मागा. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांत उत्पादन वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. टायरवर चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी जुळतायत का बघा.

जुनी गाडी घ्यायचीच नाही असं नाही, सूट मिळत असेल तर घ्या. पण उभ्या इलेक्ट्रिक गाडीत दोन गोष्टी बिघडतात. एक, छोटी बारा व्होल्टची बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही मेली की आतला काँटॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी गाडीला जोडणारा स्विच, बसत नाही आणि गाडी दगडासारखी पडते. बंद गाडीत मल्टिमीटर लावा: साडेबाराच्या वर बरी, बाराच्या खाली असेल तर नवीन मागा, चार्ज करून दिलेली घेऊ नका. दुसरं, मोठी बॅटरी महिनोन्महिने शून्याजवळ पडून राहिली असेल तर सेलमध्ये फरक पडतो. सर्व्हिसच्या लॅपटॉपवर एसओएच (बॅटरीची मूळच्या किती टक्के क्षमता उरली तो आकडा) आणि सर्वात वरच्या-खालच्या सेलचा व्होल्टेज बघायला मागा, स्क्रीनचा फोटो घ्या. वॉरंटी किती टक्क्यांच्या खाली लागू होते, तो आकडा वॉरंटी पुस्तिकेत असतो. हा फोटो पुढं उपयोगी पडेल.

तुमच्यासमोर चार्जिंगला लावून दहा मिनिटं थांबा. सोबतच्या केबलने, शोरूमच्या जलद चार्जरने नाही. हौद्याचे बिजागर, फळीचे कडे, खालच्या बॅटरीच्या खोक्याला ओरखडे, नारिंगी केबल कुठं घासतेय का, मागच्या पाट्याचे यू बोल्ट. वाकवत नसेल तर मुलाला मोबाईल घेऊन खाली घाला.

कागद: फॉर्म २१ म्हणजे विक्री दाखला, फॉर्म २२ रस्तायोग्यता दाखला, कर्ज असल्याने फॉर्म ३४, विमा पॉलिसी. चौघांवरचा चेसिस नंबर एकेक अक्षर जुळवा. पॉलिसी डिलिव्हरीच्या दिवसापासूनची हवी, पंधरा दिवस आधीची नको. नंबर प्लेट हिरवी, त्यावर पिवळी अक्षरं. पांढरी अक्षरं दिसली तर खाजगी म्हणून नोंदवली आहे, जागच्या जागी थांबवा. नंतर दुरुस्त करायला आरटीओला हेलपाटे. कंटेनर बाहेरून बांधून घेणार असाल तर आधी तात्पुरती नोंदणी, मग बॉडी, मग सांगलीच्या आरटीओत गाडी दाखवून पक्की.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कोणी मागितली तर देऊ नका, आयकर कायद्याने घेणाऱ्यालाच बंदी आहे.

तात्या_मिरज

सर्वांचे आभार. फायनान्सला मेल गेला. बारा व्होल्टची बॅटरी गाडी घरी उभी राहिली तरी उतरते का? पितृपक्षात आमच्याकडे माल कमी असतो, गाडी आठ-दहा दिवस हलत नाही.

चेसिस_पाहा

आठ-दहा दिवसांना काही होत नाही. महिनाभर उभी राहणार असेल तर मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालू करून ठेवा, म्हणजे छोटी भरत राहते. जीपीएस ट्रॅकर बाहेरून बसवला असेल तर तोच ती पितो, त्याची वायर कुठून घेतली आहे ते बघा.

रोजच्या वापरात मात्र, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भरून केबल तशीच तासभर राहू द्या. या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे टक्के मोजणाऱ्या यंत्रणेचा हिशोब हळूहळू चुकतो. पूर्ण भरल्यावरच तो जुळतो. नाहीतर काट्यावर १८ टक्के दिसत असताना गाडी तासगाव रस्त्यावर उभी राहील.